चुकांचा उतरता तक्ता

त्या इस्पितळाच्या धुलाईघरात एक रीत होती. सगळ्यांत शेवटी कामाला लागलेली बाई जी कुणी असेल, तिचं नाव ‘नवी’. मग ती विशीतली असो नाहीतर नातवंडांची आजी असो. घरी तिला काय म्हणतात, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. सहा महिने प्रोबेशन, सहा महिने ती नवी. मग पर्मनंट झाल्याचा कागद आला, की रोलर मशीनवरच्या रोलरवाल्याने हातोडी घेऊन भिंतीत एक खुंटी ठोकायची, तिने आपला ॲप्रन त्या खुंटीवर अडकवायचा आणि त्या घटकेपासून तिला ताई म्हणायचं. तोवर ॲप्रन दाराच्या मागे, झाडूच्या शेजारी.

आपल्या या नवीचं वय सदतीस. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. हात मात्र असे, की बघणाऱ्याने बघतच राहावं. रोलर मशीनमधून चादर इस्त्री होऊन बाहेर पडते ती पापडासारखी कडक आणि चटके देणारी. ती टेबलावर अंथरायची, कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, मग निम्मी, परत निम्मी, आणि शिवण आतल्या अंगाला. का, तर वर वॉर्डात नर्सने ती घडी पलंगाच्या मधोमध ठेवून नुसती उलगडली, की दोन्हीकडे सारखी पडली पाहिजे. आजारी माणसाला कुशीवर धरून ‘इकडे ओढ, तिकडे ओढ’ करायला कुणाला सवड असते? एवढीशी गोष्ट, पण धुलाईघराचा सगळा मान त्या घडीत. नवीची घडी पट्टीने मोजावी तरी केसभर फरक निघायचा नाही.

तिच्या शेजारच्या टेबलावर मोठ्या बाई. धुलाईघरात एकतीस वर्षं काढलेली बाई, तोंडाने फटकळ. “अगं ए, चादर आहे ती, तुझी सवत नाही, एवढी आपटतेस काय!” असं एखादीला म्हणाल्या की ती आठ दिवस हळू हाताने काम करायची. पण गेल्या वर्षापासून मोठ्या बाईंच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. सकाळी तर मूठ वळायची नाही. निवृत्तीला तीन महिने उरलेले. बोटांचं हे दुखणं नवीने दुसऱ्या आठवड्यातच ओळखलं होतं, आणि कुणाला काही न बोलता आपलं झालं की त्यांच्यातल्या निम्म्या चादरी इकडे ओढून घड्या घालायची आणि परत त्यांच्या गठ्ठ्यात सरकवायची. मोठ्या बाई बघून न बघितल्यासारखं करायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, “नवे, तुझ्या आईने तुला काय खाऊ घातलं गं लहानपणी?”

“काही नाही बाई. आम्ही सात भावंडं होतो.”

“मग बरोबर. ओढून घ्यायची सवय तिथलीच.”

आता नवीच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, कारण तिने ते धुलाईघरात कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

नवीला एक मुलगी. दहा वर्षांची. बाहुलीसारखे गोल डोळे म्हणून सगळे तिला ठकी म्हणत. ठकी राहायची मामाकडे, बसने दोन तासांवर. नवीची खोली म्हणजे एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली मागची खोली, आणि त्या बाईची अट होती, एकटी राहणार असशील तर ये, पोरंबाळं चालायची नाहीत. मामाचं घर दीड खोलीचं. मामी वाईट नव्हती, उगाच कशाला बोला. पण मामीला दिवस गेले होते, आणि महिनाअखेरीला तिची आई बाळंतपण करायला यायची होती. ठकी झोपायची तो कोपरा त्यांना लागणार होता. मामा अवघडून म्हणाला होता, “ताई, तोवर तुझं झालं तर उत्तमच. नाहीतर शाळेचं वसतिगृह आहे. मी चौकशी करून ठेवलीय.”

नवीचं होणारच होतं. इस्पितळाच्या मागे नोकरांच्या क्वार्टर होत्या, त्यातली तिसऱ्या मजल्यावरची एक रिकामी झाली होती आणि यादीत पहिला नंबर नवीचा होता. अट एकच: एक तारखेला माणूस पर्मनंट पाहिजे. नवीचे सहा महिने अठ्ठावीस तारखेला भरत होते.

दुपारच्या सुट्टीत ती गुपचूप जाऊन ती क्वार्टर बाहेरून बघून आली होती. दोन खोल्या. नळ आत. पुढच्या खोलीच्या भिंतीवर आधीच्या माणसाचं कॅलेंडर तसंच लटकलेलं. तिने बाहेरून खिडकी वितीने मोजली, साडेपाच विती. पडद्याला किती कापड लागेल तेही मनात धरलं. पण धुलाईघरात बोलली नाही कुणाशी. बोललं की होणारं काम बिनसतं अशी तिची समजूत. आणि यादीत तिच्या खालोखाल लिफ्टवाल्याचा नंबर, तो रोज धुलाईघरात चहाला यायचा, त्याच्यासमोर हा विषय कसा काढायचा?

मोठ्या बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की पर्मनंट झालेल्या बाईला ऑपरेशनच्या कपड्यांच्या खोलीत पाठवतात, ती खोली दुसऱ्या इमारतीत, आणि नवी तिकडे गेली की आपल्या गठ्ठ्याची लाज जाणार. एकतीस वर्षं ज्या हातांनी नाव काढलं, त्या हातांना शेवटच्या तीन महिन्यांत कुणी नावं ठेवावीत, हे त्यांना सोसवेना. तेवढ्यात त्यांच्यापुढे नवीच्या कामावर शेरा देण्याचा फॉर्म आला; सगळ्यांत जुन्या म्हणून तो त्यांनीच भरायचा. शेवटी तीन चौकोन. उत्तम. समाधानकारक. आणखी शिकण्याची गरज. मोठ्या बाईंनी दोन दिवस तो फॉर्म डब्याखाली ठेवला. काम तेच, पगार तोच, तीन महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय, असं मनाशी म्हणाल्या आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली.

सत्तावीस तारखेला शिपाई लखोटा घेऊन आला. रोलरवाला हातोडी घेऊनच उभा होता. “आण गं इकडे, मी वाचतो. खुंटी कुठे पाहिजे बोल. खिडकीपाशी की पंख्याखाली?”

“पंख्याखाली,” नवी म्हणाली, आणि तिला हसू आलं.

रोलरवाल्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “आपणांस कळविण्यात येते की आपला परिवीक्षा कालावधी…” पुढे त्याचा आवाज खाली खाली जात राहिला. शेवटी तो नुसते ओठ हलवायला लागला.

“काय म्हणतोय कागद?”

“काही नाही. तीन महिने वाढवलेत.” त्याने हातोडी पाठीमागे लपवली, जणू काही हातोडीनेच कुणाला मारलं होतं. “होतं असं. माझ्या मेव्हण्याचं दोनदा वाढवलं होतं.”

नवीने कागद हातात घेतला. तिला वाचता यायचं, पण अक्षरं लावायला वेळ लागायचा. तिने तो तीनदा वाचला. मग दुसऱ्या अंगाला काही लिहिलंय का बघितलं. मागे कोरं होतं. मग तिने तो चौघडी करून कमरेला खोचला आणि टेबलापाशी उभी राहिली. चादर आली, तिने घातली घडी. दुसरी आली, तिची घातली. तिसरी टेबलावर पडली तेव्हा ती टेबलाचा काठ धरून खाली बसली.

“नवे! अगं काय झालं?” मोठ्या बाई धावल्या. “एवढं काय त्यात? तीन महिने माझ्या शेजारी काढायचे तर तुला फाशी दिल्यासारखं वाटतंय होय?”

“बाई, क्वार्टर गेली,” नवी म्हणाली. “माझी ठकी वसतिगृहात जाईल.” आणि मग तिने खिडकीच्या साडेपाच वितींसकट सगळं सांगितलं.

मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं मेले, बोलायचं नाही होय? सहा महिने माझ्या उरावर बसून घड्या घातल्यास, तोंड काय शिवून ठेवलं होतंस?” असं म्हणता म्हणता त्यांनाच रडू फुटलं, आणि त्यांनीही सगळं सांगून टाकलं. चौकोनाचं आणि बोटांचं.

नवी त्यांच्याकडे बघत राहिली. संतापायला हवं होतं तिने. पण त्या बाईंची सुजलेली बोटं पदरात लपायला बघत होती, आणि ती बोटं तिला रोजची माहीत होती. तिने एवढंच म्हटलं, “आता काय करायचं?”

“काय करायचं म्हणजे? चल. माझ्या हाताने लिहिलं, माझ्या तोंडाने खोडते.”

दोघी आस्थापना विभागात गेल्या. तिथला कारकून भला माणूस. त्याला सर्दी झाली होती आणि तरी त्याने दोघींना खुर्च्या दिल्या.

“ही सही तुमचीच ना, बाई?”

“सही माझी. पण शेरा खोटा. हिला सगळं येतं. माझ्यापेक्षा बरं येतं.”

कारकुनाने आधी दाराकडे बघितलं, मग नाक पुसलं. “बाई, हे मी ऐकलं नाही. सर्दीने कान बसलेत माझे. आता मी काय सांगतो ते ऐका. तुम्ही हे लिहून दिलंत, तर खोटा शेरा का दिला म्हणून तुमची चौकशी लागेल. चौकशी असताना निवृत्तीचे कागद हलत नाहीत. बरं, ते तुम्ही सोसाल. पण चौकशी संपेपर्यंत हिचाही कागद हलत नाही. तीन महिन्यांच्या जागी वर्ष जाईल. मागे एकीचं दीड गेलं.”

“आणि क्वार्टर?” नवीने विचारलं.

“एक तारखेला जो पर्मनंट असेल त्याला. तुमच्याखाली लिफ्टवाला आहे, त्याला जाईल.”

“पुढची कधी?”

“कुणी रिकामी केली की. ही रिकामी झाली ती तीन वर्षांनी.”

“साहेबांना भेटले तर?”

“साहेबांना मीच सांगणार, आणि मला हे पुस्तक सांगणार.” त्याने नियमांच्या एका जाड पुस्तकावर हात ठेवला. त्याच्या बोलण्यात मस्ती नव्हती, तोच तर त्रास होता. माणूस उर्मट असला तर निदान भांडता तरी येतं.

मग त्याने खणातून एक छापील कागद काढला. “आणि हा तक्ता. मुदतवाढ झाली की दर आठवड्याला भरायचा. सोमवारी मेट्रन येतील, हिच्या गठ्ठ्यातल्या दहा चादरी उलगडून बघतील, चुका किती ते यात लिहितील. चुका उतरत उतरत शून्यावर आल्या, की सुधारणा झाली. मग वर सही होते.”

“हिच्या चुका होतच नाहीत,” मोठ्या बाई म्हणाल्या.

कारकुनाने तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. त्याने नाक पुसलं, रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. “पहिल्याच सोमवारी शून्य आलं, तर वर विचारतील, मग मुदत वाढवली कशाला? की लागली तुमची चौकशी, की गेलं हिचं वर्ष. चुका व्हायला पाहिजेत, बाई. सुरुवातीला तरी. चारपाच.”

दोघी जिना उतरून परत आल्या. धुलाईघराच्या दाराशी आल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, “एकतीस वर्षांत पोरींना घडी शिकवली. आता चुकायला शिकवते.”

आणि खरोखरच शिकवावं लागलं. कारण नवीचे हात ऐकेनात. ती वाकडी घडी घालायला जायची आणि शेवटच्या क्षणी हात आपले आपण कोपऱ्याला कोपरा लावून मोकळे. रोलरवाल्याने सुचवलं, “डोळे मिटून घाल.” डोळे मिटून घातलेली घडी उघड्या डोळ्यांच्या घडीपेक्षा सरळ निघाली. “डाव्या हाताने घाल.” तीही सरळ.

“नुसती वाकडी घालून चालायचं नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मेट्रनला कळेल. नव्या पोरी चुकतात त्याला एक पद्धत असते. हे बघ, इथे एक वीत सोडायची. शिवण बाहेर. तिसरी घडी उलट्या अंगाला. हं. आता मनात काहीतरी दुसरं आण. घरची काळजी आण. नव्या पोरी त्यामुळेच चुकतात.”

“ती आहेच की, बाई.”

“मग ती असताना तुझी घडी सरळ कशी येते, हेच मला कळत नाही.”

पहिल्या सोमवारी मेट्रन आल्या. उंच, कोरी करकरीत बाई. नवीच्या गठ्ठ्यातल्या दहा चादरी त्यांनी झटकून उलगडल्या. पाच वाकड्या. त्यांनी जीभ टाळ्याला लावून ‘च्‌’ केलं. मग मोठ्या बाईंच्या गठ्ठ्यातली एक चादर उचलून नवीच्या तोंडासमोर धरली.

“ही बघ. घडी अशी असते. काठ बघ, शिवण बघ. सहा महिने यांच्या शेजारी उभी आहेस, काहीतरी उचलावं माणसाने.”

ती घडी नवीचीच होती. सकाळी तिनेच घातली होती.

“हो मॅडम,” नवी म्हणाली. मोठ्या बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. रोलरवाल्याने काहीच कारण नसताना मशीन बंद केलं आणि परत चालू केलं. मेट्रननी तक्त्यात पाचाचा आकडा घातला आणि गेल्या.

एक तारखेला लिफ्टवाल्याने क्वार्टरमध्ये सामान नेलं. त्याला तीन मुलं आणि दम्याची बायको, त्याचा राग करायचा म्हटलं तर तोही करता येईना. तो चहाला आला तेव्हा सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. नवीला दोन दिल्या. “एक तुमच्या मुलीला,” म्हणाला. ठकीच्या वसतिगृहाचं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. नवीने दोन्ही गोळ्या ॲप्रनच्या खिशात टाकल्या. ॲप्रन दाराच्या मागे अडकवला, झाडूच्या शेजारी.

पुढच्या रविवारी ती मामाकडे गेली. बसमध्ये दोन तास ती मनात वाक्यं जुळवत होती, आणि मामाच्या दाराशी पोचेस्तोवर त्यातलं एकही उरलं नव्हतं.

ठकीची पिशवी भरून दाराजवळ ठेवलेली. वह्या, फ्रॉक, एक फुटका आरसा वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पोरीने पंधरा दिवसांपूर्वीच सगळं बांधून ठेवलं होतं आणि रोज लागेल ते काढून परत बांधत होती. आत मामीची आई येऊन बसली होती, तिची वळकटी ठकीच्या कोपऱ्यात.

“आई, त्या खिडकीतून काय दिसतं?” ठकीने विचारलं. फोनवर नवीने तिला खिडकीचं सांगितलं होतं. कागद यायच्या आधी ते जगात एवढ्या एकाच माणसाला तिने सांगितलं होतं.

“ठके, इकडे ये. क्वार्टर आपल्याला मिळाली नाही.”

“का?”

“अजून तीन महिने शिकायचंय म्हणतात.”

ठकीने विचार केला. “म्हणजे तू नापास झालीस?”

“नापास नाही गं. मुदत वाढवली.”

“आमच्या वर्गात पण एकाची वाढवली. तो नापासच झाला होता. बाई फक्त तसं म्हणत नव्हत्या.” मग जरा थांबून, “तुला काय आलं नाही?”

“घडी.”

“घडी?” ठकीने आजूबाजूला बघितलं, जणू काही कुणीतरी चेष्टा करतंय. “तुला घडी येत नाही? पण मला तूच…” पोर शहाणी होती. आईचं तोंड बघून पिशवीची गाठ सोडून परत बांधायला लागली.

मामा बाहेरून आला. खिशातून कागद काढला. वसतिगृहाची यादी. एक पत्र्याची पेटी, एक ताट, एक वाटी, दोन पांढऱ्या चादरी. “पेटी दाराशी ठेवलीय, चादरीही मी आणल्यात, ताई,” तो म्हणाला, आणि कोऱ्या कापडाच्या दोन चादरी तिच्या मांडीवर ठेवून परत बाहेर गेला. खरं तर त्याला बाहेर काही काम नव्हतं.

“मग मी बुधवारी जायचं ना?” ठकी म्हणाली.

“हो.”

“तिथे खिडकी असेल?”

“असेल.”

“आणि तीन महिन्यांनी तू पास झालीस तर?”

“तर माझी खुंटी होईल,” नवी म्हणाली. पोरीला खुंटीचं काय कळणार? तिला खुंटी नको होती, खोली हवी होती. खोली कधी, ते नवीला सांगता येईना. तिने चादरी हातात घेतल्या. “चल, घड्या घालून पेटीत ठेवू. ते टोक धर.”

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, मध्ये पांढरं कापड. नवीने झटका दिला, चादर हवा घेऊन फुगली आणि खाली बसली. मायलेकी एकमेकींकडे चालत आल्या. नवीने ठकीच्या हातातली टोकं आपल्या टोकांना लावली, निम्मी केली, परत निम्मी केली, आणि पेटीत ठेवायला वाकली.

“आई.”

“काय गं?”

“कोपरे जुळले नाहीत.”

नवीने बघितलं. एक वीत सुटली होती. शिवण बाहेर आली होती. तिसरी घडी उलट्या अंगाला. आज सोमवार नव्हता, मेट्रन नव्हत्या, तक्ता नव्हता.

“असू दे. परत घालू,” ती म्हणाली आणि चादर उलगडली. परत झटका दिला, परत दोघी चालत आल्या. या वेळी ती हातांवर डोळे रोखून होती. तरी काठ सरकला.

ठकीने आईच्या हातातून टोकं हळूच काढून घेतली, चादर जमिनीवर अंथरली आणि गुडघ्यांवर बसून, जीभ ओठांत धरून, कोपऱ्याला कोपरा लावायला लागली.